खान्देशातून रेसिंग ट्रॅकवर: व्यावसायिक ड्रायव्हर व्हायचं तर सुरुवात कुठून करायची?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय शर्यत भरेल असा एकही रेसिंग ट्रॅक नाही. रविवारी मोबाईलवर फॉर्म्युला वन बघणारी पोरं मात्र सावद्यापासून शहाद्यापर्यंत गावोगाव सापडतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: आपल्याकडून कुणी तिथवर जाऊ शकतं का, आणि जायचं तर आधी काय करायचं? हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही, कारण या खेळात पहिली काही वर्षं सही त्यांची लागते आणि पैसाही त्यांचाच.

अंतराची अडचण आहे, पण वाटते तेवढी नाही. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट कोल्हापूरला नेते आणि कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. अहमदाबाद-चेन्नई नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार-जळगाव करत चेन्नई गाठते, जिथे देशातल्या सर्वांत जास्त शर्यती होतात. कर्नाटक एक्सप्रेस भुसावळहून बेंगळुरूला जाते. खान्देशातल्या नवख्याचं गणित बिघडतं ते दुसरीकडे. आधी गाडी मॉडिफाय होते, मग महागडे ग्लोव्हज येतात, मग रील्स सुरू होतात, आणि ट्रॅकवर प्रत्यक्ष गाडी चालवायला पैसे उरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की हा क्रम उलटा करा. पहिला रुपया ट्रॅकवरच्या मिनिटांवर घाला. बाकी सगळं भाड्यानं मिळतं, उसनंही मिळतं.

रस्ता सोडा

कन्नड घाटात किंवा लळिंगच्या उतारावर कोण किती वेगात गेला, याचे किस्से रेसिंगमध्ये कुणी ऐकून घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर प्रकरण पालकावर येतं. कलम १९९ अ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. रॅलीला हे लायसन्स लागतंच, त्यामुळे ज्याला रॅलीत उतरायचंय त्याची वाट तिथेच बंद झाली.

कायदा बाजूला ठेवला तरी रस्त्यावरचा वेग शिकवत काही नाही. रस्त्यावर एकच वळण पुन्हा पुन्हा, त्याच परिस्थितीत, वेळ मोजून घेता येत नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर येईल की नाही हे माहीत नसताना कुणीही गाडी मर्यादेपर्यंत नेऊ शकत नाही, आणि नेऊही नये. ट्रॅकवर चुकलात तर बाहेर मोकळी जागा असते, सुरक्षा बघणारा मार्शल असतो, रुग्णवाहिका उभी असते. म्हणूनच तिथे चुका करत करत शिकता येतं.

आधी शाखा निवडा

मोटरस्पोर्ट हा एक खेळ नाही, बरेच खेळ आहेत. सर्किट रेसिंगमध्ये डांबरी बंदिस्त ट्रॅकवर एकाच वेळी सगळ्या गाड्या सुटतात. रॅलीत एकेक गाडी ठरावीक अंतरानं सुटते, मातीच्या बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाशी स्पर्धा असते आणि शेजारी वाट सांगणारा नॅव्हिगेटर बसलेला असतो. ऑटोक्रॉस म्हणजे मैदानातली छोटी मातीची फेरी. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत वेगाला महत्त्व नसतं, दिलेली सरासरी अचूक राखायची असते. मोटरसायकलच्या शर्यतींचं जग वेगळं आहे, त्यात मी इथे जात नाही.

वय ८ ते १४ असेल तर उत्तर सोपं आहे: कार्टिंग. १५ ते १८ असेल तर कार्टिंग करत सिंगल-सीटरची, म्हणजे एकाच माणसाच्या उघड्या रेसिंग गाडीची, तयारी. वय १८ च्या पुढे गेलं असेल आणि घरात कोट्यवधी रुपये नसतील, तर रॅली आणि सलून कार (रस्त्यावरच्या गाडीसारखी बंद रेसिंग गाडी) हे दोन दरवाजे खरे उघडे आहेत. उशिरा सुरुवात केलेल्यांनी पुण्याच्या डायना पंडोले यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. घर-संसार, मुलं, शिक्षिकेची नोकरी हे सगळं सांभाळत त्यांनी २०२४ मध्ये चेन्नईला सलून गटातलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. कार रेसिंगमध्ये पुरुषांबरोबर खेळून राष्ट्रीय विजेती झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुलींच्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. या खेळात मुलींसाठी वेगळी शर्यत लागत नाही, घड्याळ सगळ्यांना सारखंच.

गो-कार्ट: खरी शाळा

नारायण कार्तिकेयनपासून जेहान दारूवालापर्यंत कुणाचंही नाव घ्या, पाया छोट्या गाड्यांतच घातला गेलाय. जेहान तर मुंबईचा, आणि कार्टमध्ये बसला तेव्हा तेराच्या आसपासचा होता. युरोपातली पोरं सहा-सातव्या वर्षी सुरू करतात. त्या मानानं तो उशिरा आला, तरी २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला २ ची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची, शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

सुरुवात भाड्याच्या कार्टनं करा. पुणे, मुंबई, नाशिक, सुरत, इंदूर अशा शहरांत असे ट्रॅक असतात. काही बंद पडतात, काही नवे निघतात, म्हणून एसटीत बसण्याआधी फोन करून खात्री करा. दहा मिनिटांचे काही शे रुपये घेतात. शनिवार-रविवार संध्याकाळी गर्दी असते आणि समोर कुणीतरी वाढदिवस साजरा करत आडवी कार्ट घालतं. कामाच्या दिवशी सकाळी जा, ट्रॅक मोकळा मिळतो.

कार्टमध्ये बसल्यावर पहिल्या मिनिटात कळतं की ही गाडीची छोटी आवृत्ती नाही. क्लच नाही, गिअर नाही. उजव्या पायाला अॅक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. ज्यांनी बापाच्या बोलेरोवर हात साफ केलाय त्यांचा डावा पाय आयुष्यभर क्लच तुडवत आलेला असतो, तो ब्रेकवरही तसाच दाबून पडतो आणि कार्ट गर्रकन फिरते. सस्पेन्शन नसतं, त्यामुळे ट्रॅकचा प्रत्येक खडा पाठीला समजतो. रेसिंग कार्टला सीटबेल्टही नसतो. सीटची कड फासळ्यांत रुतते, म्हणून पुढे मनावर घेणारे रिब प्रोटेक्टर घालतात. मागचा अॅक्सल सलग असतो, डिफरेन्शियल नाही. दोन्ही मागची चाकं एकाच गतीनं फिरतात, म्हणून कार्ट मुळातच सरळ जायला बघते. ती वळवायची तर स्टिअरिंग वळवताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून हलकं व्हावं लागतं. हे जमलं की कार्ट अलगद वळते. जमलं नाही की पुढची चाकं घासत राहतात, वेग मरतो आणि हातांचे दंड भरून येतात. पुस्तकातली वजनाची बदली, जिला वेट ट्रान्सफर म्हणतात, ती इथे अंगाला कळते.

पहिल्या काही फेऱ्यांत वेगाकडे बघूच नका. तीन गोष्टी करा. नजर पुढच्या वळणावर ठेवा, बोनेटसमोरच्या जमिनीवर नको. गाडी तिकडेच जाते जिकडे तुम्ही बघता. दुसरं, ब्रेक सरळ रेषेत, एकदाच आणि ठाम दाबा, आणि गाडी वळायला लागली की हळूहळू सोडा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकत्र दाबणं भाड्याच्या कार्टमध्ये हमखास महागात पडतं. तिसरं, वळण बाहेरून आत आणि आतून बाहेर असं घ्या. वळणाच्या ज्या आतल्या बिंदूला गाडी सर्वांत जवळ येते त्याला एपेक्स म्हणतात. नवखा एपेक्स नेहमी लवकर गाठतो, कारण घाबरून आत वळतो, आणि मग बाहेर पडताना ट्रॅक संपतो, अॅक्सिलरेटर सोडावा लागतो. थोडं थांबून, उशिरा एपेक्स घेतला तर बाहेर पडताना सगळी रुंदी मिळते आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर वेग लवकर चढतो. लांब सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण म्हणूनच ट्रॅकवरचं सर्वांत महत्त्वाचं वळण. त्यातून बाहेर पडतानाचा वेग अख्ख्या पट्ट्यावर तुमच्यासोबत राहतो.

आता वहीचं काम. प्रत्येक सेशननंतर लॅपच्या, म्हणजे एकेका फेरीच्या, वेळा लिहून घ्या, सगळ्या, नुसती सर्वांत चांगली नको. समजा एकाच्या वेळा ४१.९, ४४.५, ४२.१, ४३.८ सेकंद आहेत आणि दुसऱ्याच्या ४२.६, ४२.५, ४२.७, ४२.६. गावात मित्रांसमोर पहिला जिंकतो. प्रशिक्षक मात्र दुसऱ्याला उचलतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक एका दौडीवर पैसे मोजत नाही, जनावर पुन्हा पुन्हा चालवून बघतो, तसंच हे आहे. जो चार वेळा तेच करू शकतो त्याला पाचव्या वेळी कुठे बदल करायचा ते सांगता येतं. ज्याची प्रत्येक फेरी वेगळी, त्याला कुठली चूक दुरुस्त करायची हेच ठरवता येत नाही.

भाड्याच्या कार्टमध्ये वेळा स्थिर झाल्या की खऱ्या रेसिंग कार्टकडे वळा. कोल्हापूरची मोहिते रेसिंग अकॅडमी आणि बेंगळुरूची मेको कार्टोपिया ही या क्षेत्रातली जुनी नावं. राष्ट्रीय पातळीवर रोटॅक्स मॅक्स कार्टिंग अजिंक्यपद चालतं. त्यात १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि वयाप्रमाणे मायक्रो, मिनी, ज्युनिअर, सीनिअर असे गट पडतात. भाड्याच्या कार्टवरून थेट रोटॅक्सवर बसलात तर पहिल्याच सरळ पट्ट्यावर मान मागे जाते. प्रत्येक गटाला ड्रायव्हर आणि कार्ट मिळून किमान वजन ठरलेलं असतं, त्यामुळे हडकुळ्या पोराला सीटला शिशाचे तुकडे बांधून वजन भरावं लागतं. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकांसारखा मुलगा पुढे ब्रिटिश फॉर्म्युला ३ मध्ये धावला. छोट्या शहरातून जाता येतं का, या शंकेला आता महाराष्ट्रातच उत्तर आहे.

घरचा सराव

ट्रॅक चारशे-पाचशे किलोमीटरवर असलेल्या माणसासाठी सिम्युलेटर ही चैन नाही, गरज आहे. पण मोबाईलवरचा गेम म्हणजे सिम्युलेटर नव्हे. फोर्स फीडबॅक असलेलं, म्हणजे हाताला उलट जोर देणारं, स्टिअरिंग आणि पेडल लागतात. साधा संच २५,००० ते ३०,००० रुपयांच्या आसपास येतो, वापरलेला स्वस्तात मिळतो. चार मित्रांनी वर्गणी काढून एक घ्यावा. टेबल हलणार नाही याची व्यवस्था करा आणि पेडल भिंतीला टेकवा, नाहीतर जोरात ब्रेक दाबला की पेडलच पुढे पळतं.

सिम्युलेटरवर ट्रॅकचं वळण पाठ होतं, ब्रेक कुठे दाबायचा त्याच्या खुणा ठरतात, आणि शर्यतीत शेजारी गाडी असताना जागा सोडायची सवय लागते. अंगावर येणारा जोर आणि भीती मात्र तिथे नसते. म्हणून तिथली वेळ ट्रॅकवर तशीच येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सरावाची एकच पद्धत सांगतो. एक गाडी, एक ट्रॅक, महिनाभर. रोज नवी फेरारी आणि नवा ट्रॅक बदलणाऱ्याच्या हाती शेवटी काही लागत नाही.

ब्रेकच्या खुणेचं गणितही पक्कं करून ठेवा. १२० च्या वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर जाते. सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला की ३ मीटरपेक्षा जास्त अंतर गेलं, म्हणजे जवळपास एक गाडीभर. आणि १०० ऐवजी १२० वरून थांबायचं असेल तर ब्रेकना ४४ टक्के जास्त ऊर्जा शोषावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. शाळेतल्या विज्ञानातलं हे सूत्र ट्रॅकवर रोज लागतं.

शरीर

बसूनच तर असतो, मग व्यायाम कशाला, हा प्रश्न घरोघरी येतो. वेगवान सिंगल-सीटरमध्ये वळणावर डोकं आणि हेल्मेट मिळून मानेवर कितीतरी पट वजन येतं. फॉर्म्युला वनमध्ये हा जोर पाच जीच्या, म्हणजे वजनाच्या पाचपटीच्या, घरात जातो. हृदयाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर तासभर राहतात. त्यामुळे पळणं, पोहणं किंवा सायकल, मान-खांदे-पोटाचे व्यायाम आणि पकड हे रोजचं काम. मानेचा व्यायाम कुणा जाणकाराकडून शिका. डोक्याला वजन बांधून स्वतःच प्रयोग करू नका.

उन्हाबद्दल आपल्या पोरांना एक खोटा विश्वास असतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आम्हाला कसलं ऊन, असं ते म्हणतात. पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. चेन्नईच्या दमट हवेत ३४ अंशांवर तीन थरांचा आग-रोधक सूट, बॅलाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी आग-रोधक टोपी) आणि हेल्मेट घालून बसलात की घाम वाळतच नाही. अर्ध्या तासात डोकं जड होतं आणि निर्णय चुकायला लागतात. एक-दोन दिवस आधी पोचा, मीठ-साखर-पाणी आदल्या दिवसापासून सुरू करा, आणि शर्यतीच्या सकाळी शेवभाजी नको. डोळे तपासून घ्या, चष्मा असला तरी चालतं, हेल्मेटमध्ये बसणारा असला म्हणजे झालं.

लायसन्स आणि पहिली शर्यत

देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही संस्था बघते. आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएशी ती जोडलेली आहे. राष्ट्रीय शर्यतीत उतरायचं तर तिचं स्पर्धक लायसन्स लागतं, ते दर वर्षी काढायचं असतं. वयाचा पुरावा, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट, अल्पवयीन असाल तर पालकांची लेखी संमती हे तयार ठेवा. आरटीओचं लायसन्स आणि हे वेगवेगळे आहेत. कार्टिंगला आरटीओचं लागत नाही, रॅलीला लागतं, कारण दोन टप्प्यांमध्ये गाडी सामान्य रस्त्यावरून न्यावी लागते.

सर्किटवरच्या गाडीत बसण्याआधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण शाळा करावी लागते. या शाळा बहुतेक चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या सर्किटवर किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरतात. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचं आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबॅस्टियन वेटेल जिंकला. नवख्यासाठी मात्र दक्षिणेतले दोन ट्रॅकच कामाचे.

शाळेत सकाळी वर्ग, दुपारी गाडी असा क्रम असतो. वर्गात झेंडे शिकवतात, ते घरूनच पाठ करून जा. पिवळा हलला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या थांब्यात. निळा म्हणजे मागून जास्त वेगवान गाडी येतेय. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे पुढे निसरडं. काळ्यावर केशरी गोल आणि तुमचा नंबर दिसला तर तुमच्या गाडीत बिघाड झालाय, लगेच आत या. नुसता काळा आणि तुमचा नंबर म्हणजे पंचांनी बोलावलंय. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक करणाऱ्या नवख्याला कुणी हुशार म्हणत नाही. तिथे पुढे ट्रॅकवर मार्शल उभा असू शकतो, जिवंत माणूस.

पहिल्या शर्यतीसाठी जेके टायरचा नोव्हिस कप नवख्यांसाठीच आखलेला आहे. त्यानंतर कोइमतूरच्या एलजीबी कंपनीच्या नावाची फॉर्म्युला एलजीबी ४ ही श्रेणी येते, मारुतीचं इंजिन असलेली आणि वर्षानुवर्षं भारतीय ड्रायव्हर घडवणारी. चेन्नईला एमआरएफच्या फॉर्म्युला आणि सलून श्रेणी चालतात. एफआयएच्या नियमांनुसार चालणारी फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिप २०२३ पासून सुरू आहे, तिच्यासाठी किमान वय १५. या सगळ्यांत गाडी विकत घ्यायची गरज नसते. टीमला पैसे भरायचे, गाडी, मेकॅनिक आणि टायर त्यांचे.

माझा सल्ला, पहिलं वर्ष एलजीबीसारख्या श्रेणीतच काढा. या गाडीत इलेक्ट्रॉनिक मदत काही नाही, पंख नाहीत, टायरची पकड मर्यादित. पुढचं टोक सरळ जायला लागलं की अंडरस्टिअर, मागची बाजू सुटली की ओव्हरस्टिअर. दोन्ही हाताला, कमरेला स्पष्ट कळतात आणि चूक झाकायला गाडीत काही नसतं.

हेल्मेटबद्दल तडजोड नको. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट इथे चालत नाही, स्नेल (हेल्मेट तपासणारी अमेरिकी संस्था) किंवा एफआयएचं मानांकन लागतं. मान वाचवणारं हॅन्स उपकरण, आग-रोधक सूट, बूट, ग्लोव्हज यांचंही तसंच. सुरुवातीला शाळा किंवा टीम भाड्यानं देते. विकत घेताना पैसे आधी हेल्मेटवर घाला, सूटच्या रंगावर नंतर.

मातीवाल्यांसाठी रॅली

खान्देशातल्या मोठ्या मुलांना मला मनापासून रॅलीचा रस्ता सुचवावासा वाटतो. वावरातल्या वाटेवर, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी काढलेल्या माणसाला घसरणं म्हणजे काय हे आधीच माहीत असतं. गाडी आडवी झाली की तो ब्रेकवर उभा राहत नाही. शहरातल्या डांबरावर वाढलेल्या पोराला ही सवय कमवावी लागते. इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिप ही मुख्य स्पर्धा. नाशिक हे आपल्याला सर्वांत जवळचं रॅलीचं गाव, तिथे राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झालेल्या आहेत. गौरव गिलनं याच खेळात तीन वेळा आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद मिळवलं आणि २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार घेणारा पहिला मोटरस्पोर्ट खेळाडू झाला.

क्रम असा ठेवा. आधी टीएसडी, मग ऑटोक्रॉस, मग रॅली. आणि पैसा अगदीच कमी असेल तर नॅव्हिगेटर म्हणून शिरा. नॅव्हिगेटर आधी रस्ता पाहून ड्रायव्हरसोबत पेस नोट्स लिहितो आणि शर्यतीत त्या नेमक्या क्षणी वाचतो: पुढे डावं वळण, किती तीव्र, मग किती मीटरवर उंचवटा, त्यापलीकडे काय. एक ओळ चुकली तर गाडी दरीत. या खुर्चीत बसून रॅली जेवढी समजते तेवढी प्रेक्षकांत उभं राहून कधीच समजत नाही, आणि खर्च ड्रायव्हरच्या मानानं फार कमी.

पैसा

भाड्याची कार्ट शेकड्यांत, प्रशिक्षण हजारांत, राष्ट्रीय हंगाम लाखांत, फॉर्म्युला ४ त्याच्या कितीतरी पट, आणि युरोपातला फॉर्म्युला २ चा एक हंगाम साधारण २० कोटी रुपये किंवा वर. ही उतरंड आधी घरात सगळ्यांसमोर मांडा. वावर विकून किंवा गहाण टाकून हंगाम खेळू नका, मग मुलगा कितीही गुणी असो. एका अपघातात गाडीचं नुकसान तुमच्या अंगावर येतं आणि पुढची फेरी तिथेच थांबते. जेवढं परवडतं त्या पायरीवर दोन वर्षं जास्त खेळा.

प्रायोजक मागायला जाताना मदत करा असं म्हणू नका, वस्तू मागा. या फेरीचे टायर, या फेरीची प्रवेश फी. जळगावचे सराफ, डाळ मिलवाले, पाइप आणि चटईचे कारखानदार, रावेर-यावलचे केळी व्यापारी यांना टीव्हीवरच्या जाहिरातीत रस असतोच असं नाही, पण आपल्या भागातला मुलगा चेन्नईला धावतोय ही गोष्ट त्यांना आवडते. एका पानावर लिहून न्या: मी कोण, आतापर्यंतच्या शर्यती आणि वेळा, किती रक्कम कशासाठी, त्याबदल्यात गाडीवर कुठे आणि किती मोठं नाव, दुकानात किंवा कार्यक्रमात किती वेळा येईन. फेरी झाल्यावर आठ दिवसांत फोटो आणि निकाल घेऊन पुन्हा भेटा, निकाल वाईट लागला असला तरी. दुसऱ्या वेळचा चेक त्या भेटीवर ठरतो.

वरची शिडी आणि पोटापाण्याचा प्रश्न

फॉर्म्युला वनसाठी एफआयएचं सुपर लायसन्स लागतं. तीन हंगामांत मिळून ४० गुण, साधारणपणे वय १८ पूर्ण, आणि फॉर्म्युला वनच्या गाडीत ३०० किलोमीटरचा सराव. गुण मिळतात ते फॉर्म्युला ४, ३, २ अशा मालिकांतल्या क्रमांकावर. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनकडून तिथे पोचलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला, अर्थात मिशलिनचे टायर असलेल्या टीम मागे हटल्यामुळे त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या होत्या. २०१० मध्ये करुण चांडोक. त्यानंतर नवा भारतीय ड्रायव्हर फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर आलेला नाही. मुलाच्या स्वप्नावर मी बोट ठेवणार नाही, पण पालकांना हे माहीत असायला हवं.

आपल्याकडे वडीलधारे विचारतात, "गाडी पयाडीसन पोट भरी का रे भाऊ?" प्रश्न रास्त आहे. भारतात फक्त शर्यतीच्या बक्षिसावर जगणारे ड्रायव्हर मोजकेच. बाकीचे व्यावसायिक म्हणजे प्रशिक्षक, कंपन्यांसाठी गाड्या तपासणारे टेस्ट ड्रायव्हर, टीमचे डेटा इंजिनिअर, मेकॅनिक. पुण्याला गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था आहे, आणि धुळ्याहून आग्रा रोडनं वर गेलं की इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र, ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकसह. याच पिथमपूरला बाहा एसएई इंडिया ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा भरत आली आहे. त्यात विद्यार्थीच ऑल-टेरेन गाडी बनवतात आणि तेच चालवतात. शिरपूर, धुळे, जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनो, पहिल्याच वर्षी कॉलेजच्या टीममध्ये शिरा. वेल्डिंगपासून सुरुवात होईल, तिसऱ्या वर्षी स्टिअरिंग हातात येईल. ड्रायव्हर म्हणून नाव झालं नाही तरी हा हात कुठेही कामाला येतो. शिवाय मार्शल म्हणून ट्रॅकवर स्वयंसेवा करता येते. वळणाच्या कडेला उभं राहून चांगला ड्रायव्हर ब्रेक कुठे दाबतो हे कानानं ऐकणं, याची फी कुणी घेत नाही.

शाळेला फोन कराल तेव्हा

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा. दिवसभरात प्रत्यक्ष गाडीत किती मिनिटं? एका गाडीवर किती विद्यार्थी? प्रशिक्षक स्वतः कुठल्या श्रेणीत धावलाय? लॅपचा डेटा आणि व्हिडिओ दाखवून समजावतात का? हेल्मेट-सूट फीमध्ये धरलाय की वेगळा? या शाळेच्या प्रमाणपत्रावर एफएमएससीआयचं लायसन्स मिळतं का? पाऊस पडून सेशन रद्द झालं तर पैसे परत की पुढची तारीख? आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडीचं नुकसान झालं तर जास्तीत जास्त किती रक्कम भरावी लागेल, हे लेखी मागा. फोनवरचं "होईल हो काहीतरी" यावर रेल्वेचं तिकीट काढू नका.